नरसिंहाच्या खांबाला टेकलेला गुरव

बाबलकाका चितारी कामाला हात घालण्यापूर्वी भिंतीची परवानगी घेत. तळवा भिंतीवर ठेवून विचारत, "रंगवू मां गो बाय?" आणि थोडा वेळ खरंच थांबत. आम्ही हसायचो. काका मूळचे बांद्याकडचे. लग्नानंतर मसुऱ्याजवळच्या आमच्या गावात, सासुरवाडीलाच येऊन राहिले. चतुर्थीला गणपती रंगवायचे, एरवी होड्यांवर नावं घालायचे. त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांच्याबद्दल लिहायला मी सगळ्यांत नालायक माणूस. पण मी नाही लिहिलं तर ही गोष्ट माझ्याबरोबर जाईल आणि मी आयता सुटेन. ते मला नको आहे.

गोवा मोकळा व्हायच्या आदल्या वर्षी आमच्या देवळाच्या सभामंडपाला नवा गिलावा झाला. देऊळ कित्येक पिढ्यांचं, खांब काळेभोर, आणि मध्येच ही लख्ख पांढरी भिंत. मानकऱ्यांनी काकांना तिच्यावर दशावतार काढायला सांगितले. काकांनी काढले, पण कसे! मत्स्यावतार रापणीच्या जाळ्यात सापडलेला आणि अख्खी वाडी त्याला ओढतेय. कूर्माच्या पाठीवर शाळा चुकवलेली पोरं. वामनाच्या डोक्यावर इरलं, आणि बळीराजा त्याच्यापुढे पेजेची वाटी धरून उभा. एक म्हातारे मानकरी कुरकुरले, तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "देव सकाळपासून लोकांची गाऱ्हाणी ऐकता. जरा हसूक नको तेका?"

आणि नरसिंह. तो खांब फोडून बाहेर येतोय, हिरण्यकश्यपूची बोबडी वळलीय, आणि त्याच खांबाला टेकून देवळाचा गुरव ढाराढूर झोपलाय. शेजारच्या नैवेद्यात मांजराने तोंड घातलंय. गुरव म्हणजे मी. देवाची पूजा आमच्या घराण्याकडे. दुपारी माझा डोळा लागायचा हे खरंच होतं, म्हणून तर ते जास्त झोंबलं. विहिरीवर बायका माझ्या बायकोला विचारू लागल्या, घोव उठलो काय गो? ती घरी येऊन भांडी आपटायची. काकांनी ते मायेने काढलं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण डोक्यात राख घालून घेतली की कळलेलं कुठे वळतं?

भिंतीवरचं सगळं चित्र ठेवावं की पुसावं, यावरून मानकऱ्यांत दोन तट पडले. तेव्हा मीच साळसूदपणे म्हणालो, चित्र ठेवायचं का, ते देवालाच विचारूया. आमच्याकडे कौल लावतात. देवाच्या पाषाणाला उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पाकळीला पाणी किती लावायचं ते गुरवाच्या बोटांत असतं. वडिलांनी मला शिकवलं होतं, दोन्हींना सारखं लाव, तेवढंच आपलं इमान. पाणी कमी, तर पाकळी लवकर सुटते. त्या दिवशी मी डावीला नुसतं ओलं बोट टेकवलं. गाऱ्हाणं अर्धं होतं न होतं तोच ती पडली.

काकांनी हात जोडले. दुसऱ्या दिवशी चुना त्यांनीच कालवला, आणि पहिला कुंचा फिरवला तो चित्रातल्या माझ्यावर. मी मागेच उभा होतो. म्हणाले, "निजलो आसा तो. पांघरूण घालतंय तेका." त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर त्यांनी देवाचं चित्र काढलं नाही. गणपती रंगवणंही सोडलं. होड्यांवरची नावं तेवढी घालत. कोणी हळहळलं तर सांगत, "माझा चित्र देवान सोता बघल्यान. हा काय थोडा झाला?" हे कानावर पडलं की मी वाट बदलायचो.

पाच-सहा वर्षांनी, श्रावणात, काका नारळ घेऊन देवळात आले. नातीने हट्ट धरला होता, आपल्या घरच्या गणपतीमागची भिंत आजोबांनीच रंगवायची. चोरट्यासारखं विचारलं, "घरातल्या घरात काढूक चलात काय, इचार रे देवाक."

माझ्या जिवात जीव आला. या वेळी मी उजव्या पाकळीला नुसतं बोट टेकवलं. होय, पुन्हा लबाडीच. गाऱ्हाणं संपलं, पाकळी पडेना. दुपार कलली, दोन्ही पाकळ्या सुकून आक्रसल्या, तरी दगडाला धरून. काका मांडी घालून त्यांच्याकडे बघत बसलेले. शेवटी गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि म्हणाले, "देव अजून रागान आसा रे माझ्यार."

देव रागावला असेलच, तर कोणावर, ते मला माहीत होतं. एक वाक्य बोलायचं होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "सांभाळून जावा, पायरी निसरडी आसा."

चतुर्थीला त्यांच्या घरी आरतीला गेलो. जायलाच लागतं, गुरव ना मी! गणपतीमागची भिंत कोरी. आरती झाल्यावर नात प्रसाद घेऊन माझ्यापुढे आली आणि विचारू लागली, "गुरवकाकानू, आमच्या आजोबांनी देवाचा काय केल्यानी?"

काका शेजारीच बसले होते. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "चूक माझी गो बाय. तेंका कित्याक इचारतस?"

मी हात पुढे केला आणि प्रसाद घेतला.