मैदानाकडे पाठ केलेला कॅमेरा

सुनंदा मोहरील गेली त्या सकाळी मी नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलमध्ये, फार्मसीत कामावर होते. फोन श्रीकांतचा होता. श्रीकांत म्हणजे तिचा नवरा, मुळातच कमी बोलणारा माणूस. ‘वृंदा, सुनंदाला इथेच आणलंय, खाली... ये तू. पण घाई नको करूस,’ असं तो म्हणाला आणि त्या ‘घाई नको करूस’वरून मला सगळं कळलं. चहा गाळता गाळता ती खाली बसली, मेंदूत रक्तस्राव झाला, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत आटोपलं होतं. आदल्याच दिवशी फोनवर आमचं भांडण झालं होतं, तेच आपलं नेहमीचं. मी पुण्याची, ती नागपूरची. आमटीत गूळ घालणाऱ्या माणसांना तिखटातलं काय कळतं, असं तिचं म्हणणं आणि तुमच्या रश्श्याने माणूस जेवतो की शिक्षा भोगतो, असं माझं. ‘ये रविवारी, दाखवतेच तुला,’ म्हणून तिने फोन ठेवला होता.

इथे अंत्यसंस्काराची तारीख मिळायलाच दिवसचे दिवस जातात. आम्ही त्याच खटपटीत असताना आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. इथल्या एका युनिव्हर्सिटीचं स्वतःचं स्पोर्ट्स चॅनल आहे, त्यांनी सुनंदाला वाहिलेली श्रद्धांजली. मागे हळुवार पियानो, पडद्यावर मैदानाच्या कडेला उभी असलेली सुनंदा, दोन्ही हात उंच करून काहीतरी ओरडते आहे, आणि हे सगळं स्लो मोशनमध्ये. आवाज तिचा नाही, नुसता पियानो. खाली लिहिलेलं, ‘आमच्या चॅनलची लाडकी मैत्रीण. खेळावर असं प्रेम करणारं माणूस पुन्हा होणे नाही.’ ग्रुपवर हात जोडलेल्यांची रांग लागली. ‘केवढा सन्मान!’, ‘आपल्या मराठी माणसाची दखल घेतली बघा!’ कोणी कोणी तर भारतातल्या नातेवाइकांना पाठवला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मैत्रीण म्हणे! त्या चॅनलचं नाव काढलं तरी सुनंदाच्या कपाळाला आठ्या पडायच्या. आणि ज्या दिवशी ते दृश्य टिपलं त्या दिवशी मी तिच्या शेजारी उभी होते. ती काय ओरडत होती ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. ते सांगितल्याशिवाय मला स्वस्थ बसवणार नाही, म्हणून हा लेख.

सुनंदा नागपूरला कॉलेजात असताना हॉकी खेळायची. लग्न होऊन इथे आली, शिक्षिकेचा कोर्स केला आणि एका सरकारी शाळेत गणित शिकवायला लागली. त्या शाळेत मुलींची हॉकी टीम नव्हती. हॉकी इथे बहुतेक फी भरून शिकायच्या शाळांचा खेळ, त्यांची हिरवीगार टर्फ, त्यांचे दिवे, त्यांचे पॅव्हेलियन. आमच्या बाईंनी मात्र शाळेच्या मागच्या जुन्यापुराण्या ॲस्ट्रोवर, म्हणजे प्लास्टिकच्या गवतावर, पोरी गोळा केल्या. कुणी पाकिस्तानी, कुणी जमेकन, कुणी पोलिश, कुणी इथल्याच काउन्सिल इस्टेटमधली, म्हणजे सरकारी भाड्याच्या घरांतली. त्यांना ती इंग्रजीत शिकवायची आणि चिडली की नागपुरीत. ‘अबे, काय करून राहिली तू?’ असं ती ओरडली की पोरींना शब्द कळायचे नाहीत पण त्या बरोबर जागेवर जायच्या. स्वयंपाकघरात पोळ्या लाटत उभी असतानाही हिचा एक पाय मैदानातच. श्रीकांत बिचारा म्हणायचा, ‘आमच्या घरी जेवायला वाढतानासुद्धा पास देतात.’ तिला मूल नव्हतं. लोक त्यावरून ‘त्याच तुझ्या मुली’ वगैरे गोड गोड बोलायचे ते तिला अजिबात खपायचं नाही. ‘मुली नाहीत, माझी टीम आहे,’ म्हणायची.

त्या टीममध्ये जेड नावाची मुलगी आली. सडपातळ, अबोल, आईबरोबर राहणारी. तिचा खेळ पाहून सुनंदाचा आवाजच बदलायचा. ‘वृंदा, मी माझ्या आयुष्यात असं मनगट पाहिलं नाही ना बाप्पा,’ असं ती मला म्हणाली, आणि कौतुकाच्या बाबतीत ही बाई किती चिकट होती ते मला माहीत आहे. जेडला युनिव्हर्सिटीत जायचं होतं, त्याच युनिव्हर्सिटीत, जिथे हॉकीपटूंना स्कॉलरशिप मिळते. तिची आई म्हणाली होती, स्कॉलरशिप मिळाली तर जा, नाहीतर शाळा संपली की नोकरी बघ. तेव्हा सगळं अडलं होतं युनिव्हर्सिटीच्या ट्रायलच्या, म्हणजे निवड चाचणीच्या, बोलावण्यावर.

आता ते बोलावणं कसं मिळतं ते ऐका. युनिव्हर्सिटीचं चॅनल शाळांच्या मॅचेस दाखवतं. कॉमेंट्री करायला बसतो युनिव्हर्सिटीचाच हॉकी कोच. आणि ट्रायलला कुणाला बोलवायचं हे ठरवतो तोच! म्हणजे दुकान यांचं, तराजू यांचा, आणि कुठला माल उजेडात ठेवायचा तेही हेच ठरवणार. मॅचेस दाखवायच्या त्या कुणाच्या? तर जिथे कॅमेरा लावायला सोय आहे, ‘पार्टनर’ शाळा आहेत, त्यांच्या. सुनंदाने विचारलं, आमच्या शाळेची मॅच का नाही? चॅनलचा प्रमुख मार्टिन, अतिशय गोड माणूस, समोरच्याला चहा दिल्याशिवाय नाही म्हणणार नाही. तो म्हणाला, तुमच्या मैदानावर कॅमेरा ठेवायला उंच जागा नाही, हेल्थ अँड सेफ्टीचा प्रश्न आहे. सुनंदाने शाळेच्या पाठी लागून मचाण बांधून घेतलं. मग म्हणे इंटरनेट कमी पडेल. तेही तिने करून घेतलं. मग म्हणे वेळापत्रक भरलंय. ‘एकतर सगळ्यांना दाखवा, नाहीतर तुमच्या कोचला त्या खुर्चीवरून उठवा,’ असं तिने मार्टिनला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, ‘सुनंदा, आय लव्ह युअर पॅशन.’ बस, तेव्हापासून ‘पॅशन’ हा शब्द आमच्यात शिवीसारखा वापरला जायचा. मी साडी जरा भडक नेसले की म्हणायची, ‘केवढी ती पॅशन!’

आणि शेवटी ते आले, मार्टिन स्वतः आला. काउंटीच्या स्पर्धेची सेमीफायनल होती, समोर मोठी फीवाली शाळा, म्हणून आले. नाहीतर काय यायचेत! थंडीने कान गळून पडत होते. मी सुट्टी काढून गेले होते. जेडची आई दुकानातली शिफ्ट बदलून आली होती. समोरच्या टीममधल्या एका मुलीचं त्या युनिव्हर्सिटीत आधीच ठरलंय असं सगळे उघड बोलत होते. कॅमेरा तिच्या मागे मागे. बॉल एकीकडे आणि कॅमेरा बूट बांधणाऱ्या त्या पोरीवर! सुनंदा दात ओठ खात होती पण गप्प होती. तिने जेडला आधीच बजावलं होतं, ‘कॅमेऱ्याकडे बघायचं नाही, तो तुझ्याकडे बघेल असं खेळायचं.’

दुसऱ्या हाफमध्ये त्यांनी लाइव्ह मुलाखत घ्यायला सुरुवात केली. मॅच चालू असताना! कोच बसला होता कडेला, त्याच्यासमोर माइक, आणि मचाणावरचा कॅमेरा मैदानाकडे पाठ करून त्याच्याकडे वळलेला. कॅमेरा तो एकच होता. तो कोच सांगत होता की आम्हाला टॅलेंट कुठूनही आलेलं चालतं, आमचे दरवाजे सगळ्यांना उघडे... आणि कॅमेऱ्याच्या पाठीमागे जेडला बॉल मिळाला. आपल्या अर्ध्या भागातून ती निघाली. सुनंदाला कळलं. पाच पावलांतच कळलं तिला, कारण ती त्या पोरीचा खांदा ओळखत होती. ती वळली, दोन्ही हात वर करून कॅमेऱ्याच्या दिशेने किंचाळली, ‘अरे तिकडे काय बघून राहिले? इकडे बघा! टर्न इट राउंड! टर्न इट राउंड!’ मचाणावरचा विद्यार्थी गोंधळला. त्याच्या कानात कुणी काय सांगत होतं देव जाणे. कोच हसत बोलत राहिला. तेवढ्यात बॉल गोलमध्ये गेला. पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. जेडची आई रडत होती. जिंकलो आम्ही. आणि चॅनलवर काय दिसलं? उघडे दरवाजे.

हेच ते उंच केलेले हात. मैदानाकडे पाठ केलेल्या कॅमेऱ्याला कडेला उभी असलेली सुनंदा तेवढी दिसली. तेच उचललं, आवाज काढून टाकला, पियानो लावला आणि म्हणे खेळावरचं प्रेम! अरे, ती तुमच्यावर ओरडत होती! मेल्यावर तरी तिचं बोलणं तिला बोलू द्या.

त्या मॅचनंतर सुनंदा कोचला भेटली, मार्टिनला भेटली, त्यांच्या वरच्यांनाही भेटली. कोच म्हणाला, मी गोल पाहिला नाही, फुटेज पाठवा. फुटेज कुणाकडे? मार्टिनकडे. मार्टिन म्हणाला, त्या वेळी मुलाखत चालू होती. हे म्हणजे घरच्याच विहिरीत ढकलायचं आणि वर विचारायचं, ओली कशी झालीस? फायनलमध्ये जेडचा घोटा मुरगळला, ती दहा मिनिटंही खेळली नाही. ट्रायलचं बोलावणं आलं नाही. बूट बांधणाऱ्या मुलीला आलं. ती वाईट खेळते असं मी म्हणत नाही, त्या पोरीचा काय दोष. पण सुनंदा मला म्हणाली, ‘हरली असती ना जेड, तर मी तिला म्हटलं असतं, चल, अजून मेहनत कर. आता काय सांगू? अजून दिस, म्हणून सांगू?’ तिच्या आवाजात रडू होतं. सुनंदाच्या आवाजात रडू मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मरेपर्यंत ती त्या एका ट्रायलसाठी फोन करत होती.

आणि आमच्या मंडळाने काय करावं? शोकसभा ठेवली, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्या सभेला मार्टिनला बोलावलं, प्रमुख पाहुणा म्हणून! युनिव्हर्सिटीचा माणूस येणार म्हटल्यावर अध्यक्ष काकांचे पाय जमिनीवर ठरेनात. मी कम्युनिटी सेंटरमध्ये पोचले तर टेबलावर सुनंदाचा फोटो, समई, आणि शेजारी घडी घातलेली शाल आणि नारळ. मी काकांना बाजूला घेतलं. ‘काका, हे काय?’ ‘अगं, पाहुणे येतायत, त्यांना रिकाम्या हाताने कसं पाठवायचं?’ ‘काका, शोकसभा आहे! मेलेल्या माणसासमोर सत्कार करणार तुम्ही?’ ‘सत्कार नाही गं, आपलं उगीच... पद्धत असते.’ मी कपाळावर हात मारून घेतला. चांगला माणूस आहे हो, पण पन्नास कार्यक्रमांत पन्नास शाली दिल्यात, हात आपोआप घडीकडे जातो. शाल मी उचलून माझ्या पिशवीत कोंबली. नारळ राहिला.

मार्टिन आला, छान बोलला. पडद्यावर तो व्हिडिओ लावला, निम्मा हॉल डोळे पुसत होता. मग तो म्हणाला की चॅनलतर्फे दरवर्षी सुनंदाच्या नावाने एक पुरस्कार द्यायचा विचार आहे, श्रीकांतची फक्त संमती हवी. टाळ्या सुरू झाल्या. शोकसभेत टाळ्या! श्रीकांत उठला. इतक्या वर्षांत त्याला मी चार लोकांत बोलताना पाहिलं नव्हतं. हळू आवाजात त्याने इंग्रजीत विचारलं, ‘मार्टिन, जेडचा गोल तुमच्याकडे आहे का?’

मार्टिन हसला, गोंधळला, आणि म्हणाला, ‘विच गोल?’

मागच्या रांगेत सुनंदाची टीम बसली होती, शाळेच्या युनिफॉर्ममध्ये. तिथून जेड उठली. ही अबोल पोरगी, जिच्या तोंडून मी कधी दोन वाक्यं ऐकली नव्हती. दाराशी छत्र्या ठेवल्या होत्या त्यातली एक लांब छत्री तिने उचलली आणि उलटी धरली. अध्यक्षांसमोरचा नारळ उचलला, सगळ्यांकडे बघितलं, आणि म्हणाली, ‘मिस असती तर तिने दाखवलं असतं. आय’ल शो यू.’ ‘दाखव’ एवढं मराठी सुनंदाने त्यांना शिकवलं होतं वाटतं, बाकीचं उठतानाच शेजारच्या ईशाने तिच्या कानात सांगितलं. ईशा टीममधली एकुलती एक मराठी पोर, इथेच जन्मलेली. ती आम्हाला म्हणाली, ‘खुर्च्या बाजूला घ्या ना प्लीज, तिला जागा पाहिजे. तो गोल खूप लांब होता... होती... खूप लांबून आला.’

लोक उठले. चांगल्या साड्या नेसलेल्या बायका, गुडघे दुखणारे आजोबा, सगळ्यांनी खुर्च्या ओढून भिंतीला लावल्या. टीममधल्या पोरी आपापल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. काका मधेच राहिले तर जेड त्यांना म्हणाली, ‘सॉरी, यू आर अ डिफेंडर,’ आणि काका खरोखर पाय फाकून उभे राहिले. नारळ लाकडी जमिनीवर गडगडत निघाला. ती डावीकडून आली, एका पोरीला पास देते असं दाखवून दिला नाही, काकांना चकवलं, छत्री मनगटात उलटी फिरवली... त्या दिवशी मी सुनंदाकडेच बघत राहिले होते, आता मला दिसलं ती कशाला वेडी झाली होती. श्रीकांत भिंतीला टेकून बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते. सुनंदा रोज रात्री जेवताना त्याला हा गोल सांगायची, त्याला तो पाठ होता.

शेवटचा फटका मारायला जेडने हात मागे घेतला आणि माझ्या शेजारी काहीतरी चमकलं. मार्टिनने फोन बाहेर काढला होता. डोळ्यांत पाणी आणून, अगदी मनापासून, तो शूटिंग करत होता.

मी त्याच्या फोनवर माझा हात आडवा धरला. ‘बंद करा तो,’ म्हटलं. ‘तुम्ही त्या दिवशी तिथे होतात. तेव्हा वळवायचा होता कॅमेरा.’