ओठांवरचे सिनेमे

वसईला आमची विड्याच्या पानांची वाडी होती. वडील पानं घेऊन दादरच्या बाजारात जात आणि परतण्याआधी हमखास एखादा सिनेमा बघत. घरी आले की त्याची गोष्ट आम्हाला साग्रसंगीत सांगत. पुढे कधीतरी संध्याकाळी ओटीवर पानं निवडताना मध्येच त्यातलं एखादं वाक्य थेट नटाच्या आवाजात म्हणत, आणि आम्ही तिघा भावंडांनी सिनेमा ओळखायचा.

एकोणीसशे ऐंशीच्या आसपास त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज गेला तो गेलाच. खेळ मात्र थांबला नाही. ते नुसते ओठ हलवत, भुवया उडवत, आणि तरी आम्ही ओळखायचो. केवढी घमेंड होती आम्हाला त्याची!

एका दुपारी ते वाडीला पाणी देऊन उन्हातून आले, ओटीवर टेकले आणि ओठ हलवले. आम्ही लगेच सिनेमांची नावं घ्यायला लागलो. त्यांनी मानेनं नाही म्हटलं, पुन्हा ओठ हलवले. आम्ही आणखी जोरात ओरडलो. धाकटी तर टाळ्या पिटत होती. गलका ऐकून आई आतून आली. तिनं एकदाच त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"अरे गाढवांनो, पाणी मागतायत ते!"

ते तांब्याभर पाणी प्यायले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यानंतर काही हवं असलं, तर आम्ही समोर बसलेलो असतानाही ते उठून आईला शोधत आत जायचे.