मेंढरं बसलेल्या वावरातली गाजरं

आमच्या भिंतीला भिंत लागून शेषेरावकाकांचं घर. रेणापूरच्या जवळच आमचं गाव, आणि गावात गाजर म्हटलं की शेषेरावकाका, हे ठरलेलंच. येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येला, सगळ्या भाज्या घालून करतात त्या भज्जीत कुणाच्या घरी काहीही कमी पडो, गाजर त्यांच्या वावरातलं असायचं. खरं सांगायचं तर हा माणूस मला कधी फारसा आवडला नाही. हट्टी, घुमा, आणि आपल्याला कळतं ते दुसऱ्याला कळू नये अशा बेताने वागणारा. गाजराचं बी टाकायचं असलं की गुणाबाईकाकूंनासुद्धा बांधावर उभं करायचे. खुरपायला आणि काढायला मात्र काकू हव्यात.

मागच्या पावसाळ्यात त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. लातूरच्या दवाखान्यातून आले ते बाजेवर पडले आणि भिंतीकडे तोंड करून राहिले. त्यांचा मुलगा सुदर्शन पुण्याहून फोन करायचा, तर त्यालाही नुसता हुंकार. जेवण दोन घासांवर आलं. काकू चुलीपुढे बसून मला म्हणाल्या, "शिल्पा, हा माणूस आतून मरून राहिलाय बघ."

मग एक दिवस सहज बोलून गेल्या, "औंदा बी गाजर करावं म्हणते."

काका वळले. जड जिभेने म्हणाले, "कर. काढणीला मी येतो."

बस्, तेवढ्यावर घर उभं राहिलं. काका पोटभर जेवायला लागले, डाव्या हाताने काठी धरून उभं राहायची खटपट करायला लागले. रोज संध्याकाळी काकूंना विचारायचे, पाणी दिलं का, गवत काढलं का. काकूंना मनातून कळत होतं की हे सगळं त्या गाजरावर तोललेलं आहे. गाजर बिघडलं तर माणूस पुन्हा भिंतीकडे वळणार. झोप उडाली होती बाईची.

आणि ह्या काळजीपोटीच त्या चुकल्या. कर्नाटकाकडून मडिवाळप्पा दरवर्षी मेंढरं घेऊन आमच्याकडे उतरतो. ज्याच्या वावरात मेंढरं बसतात त्याने धनगराला ज्वारी द्यायची, बदल्यात लेंड्यांचं खत मिळतं. ज्याच्या रानात मेंढरं बसली त्याचं नशीब उघडलं असं आमच्याकडे मानतात. काका नेहमी ज्वारीच्या रानात बसवायचे. काकूंनी ह्या साली मेंढरं गाजराच्या पट्टीत बसवली आणि लगेच वखरून पेरणी केली. काकांना सांगितलं नाही. काढणीला येतील तेव्हा रान बघून खूश होतील, असं त्यांच्या मनात होतं.

पहिलं बी उगवलंच नाही. काकूंनी हरभऱ्यासारखं खोल गाडलं होतं. काकांनी बाजेवरून सांगितलं, "वरच्यावर झाक, आन् वाळू दिऊ नको." दुसऱ्यांदा टाकलं ते उगवलं. दाट झालं तेव्हा विरळ केलं. मग पाला असा काही वाढला की येणारे जाणारे थांबून बघायचे. काकू घरी येऊन कौतुकाने सांगायच्या, पाला मांडीला लागून राहिला. काका मात्र म्हणाले, "एवढा पाला बरा न्हाई."

येळवस तोंडावर आली तेव्हा काकूंनी चाचपून पाहायला म्हणून पहिलं गाजर उपटलं. तीन तंगड्यांचं निघालं. दुसरं उपटलं तर त्याला दाढीसारखी मुळं. तिसरं उभं तडकलेलं. काकू वाफ्यात बसूनच राहिल्या. मला हाका मारल्या तेव्हा मी धावत गेले, वाटलं साप चावला.

त्या दिवशी उपटलेली वाकडी गाजरं त्यांनी पोत्यात भरली आणि काकांच्या नकळत पडवीत ठेवली. दुसऱ्या दिवशी रेणापूरच्या बाजारात जहांगीरच्या गाड्यावर गेल्या. हा जहांगीर वर्षानुवर्षं काकांचं गाजर विकत आलेला. त्याने काकूंना पाहून हातातला तराजू खाली ठेवला.

"मामी, तुमी गाजर घेऊन राहिल्या?"

"सरळ बघून दे."

"हे भायेरचं हाय. मामांच्या गाजराची चव न्हाई ह्याला."

काकूंनी ऐकलं नाही. गाजरं घरी आणून माती फासली आणि काकांच्या बाजेवर ठेवली. मी तिथेच होते, मला भीती वाटत होती. काकांनी डाव्या हाताने एक उचललं, वास घेतला, दाताखाली धरलं. बराच वेळ चावत राहिले.

"हे आपलं न्हाई," म्हणाले. गाजर बाजेवर टाकून म्हणाले, "मी मेलो न्हाई आजून, गुणा."

काकू उठल्या, पडवीतल्या पोत्यातली फाटे फुटलेली गाजरं पदरात भरून आणली आणि त्यांच्या गोधडीवर ओतली. "घ्या. हे हाय आपलं."

काकांनी एकेक हातात घेऊन फिरवलं. "मेंढरं बसवलीस."

"हाव. बरं व्हावं म्हणून."

"गाजराला ताजं खत चालत न्हाई. पाला माजतो, आन् मूळ सरळ जायचं सोडून फाटे फोडतं. मेंढरं बसवलेल्या रानात आधी ज्वारी घ्यायची. गाजर पुढच्या साली."

मग मात्र काकूंचा बांध फुटला. इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. "मग हे सांगायला काय झालं होतं? लगीन होऊन आले तवापासून खुरपून राहिले तुमच्या वाफ्यात. हे कर, ते कर. का करायचं ते एक दिस तरी सांगितलं का मला?"

काका गाजरांकडे बघत नुसतं पुटपुटले.

"मला वाटलं, मी हाय की."

मला त्या माणसाचा पहिल्यांदाच कळवळा आला. काकू पदराने डोळे पुसत होत्या. काकांनी बाजेच्या कडेवर हात आपटून त्यांना जवळ बसवलं आणि सांगायला सुरुवात केली. बी कुठलं धरायचं, वाळूत कसं मिसळायचं, ढेकळाच्या रानात का टाकायचं नाही, वाळलेल्या वाफ्याला एकदम पाणी सोडलं की गाजर का तडकतं. जीभ अडखळत होती, ओठाच्या कडेने लाळ येत होती, तरी थांबेनात.

काकू कासावीस झाल्या. "दमून राहिले तुमी. बाकीचं काढणीला रानात दाखवा की."

काकांनी मान हलवली. "न्हाई. आजच ऐकून घे," म्हणाले, आणि पुन्हा पेरणीपासून सांगायला लागले.