मन्नुमच्या शिक्क्याची दवंडी

फार जुन्या काळी निप्पूर शहरात, शिक्केकरांच्या गल्लीत एतेल्लुमचा हात धरणारा कुणी नव्हता. बोटाच्या पेराएवढी दगडाची नळी, तिच्यावर देव नि नाव उलटं कोरायचं. ओल्या मातीवर फिरवली की सुलट उमटायचं, आणि तीच त्या माणसाची सही. असाच एक शिक्का त्याने एकुलत्या एका पोरासाठी, मन्नुमसाठी, कोरला. घरही त्याच्याच नावावर केलं. पोरगा शिक्का गळ्यात घालून नदीच्या वरच्या अंगाला दगड आणायला गेला, तो गेलाच. दोन उन्हाळे सरले, ना निरोप ना माणूस.

अशात शेजारच्या गल्लीत कुणा चोराने एका मेलेल्या माणसाचा शिक्का घरविक्रीच्या ओल्या मातीच्या पाटीवर फिरवला, आणि त्याची म्हातारी आई बिचारी बेघर झाली. ते ऐकून एतेल्लुम तडक घरी आला.

"अगं, दवंडी देऊ या," तो बायकोला, नरामतुमला म्हणाला. "शिक्का हरवला म्हणून."

"हरवला? पोराच्या गळ्यात आहे तो! अहो, सरळ सांगा ना, पोरगा मेला म्हणून!"

"उद्या कुणी त्या शिक्क्यावर हे घर विकलं तर कुठे जाशील?"

"पोरगा आल्यावर कुठे जाईल, ते बघा आधी." तिने जवाची भाकर तंदुराच्या भिंतीवर दाणकन थापली.

बाई काय खोटं बोलत होती? पण नुसत्या आशेवर छप्पर टिकतं होय! एतेल्लुम गुपचूप दवंडीवाल्याकडे गेला.

दुसऱ्या दिवशी अर्धं गाव फिरून एतेल्लुम दवंडीवाल्याला घेऊन आपल्या गल्लीत आला. शिंग वाजलं. "ऐका हो ऐका! एतेल्लुमच्या मन्नुमचा शिक्का हरवला! आजपासून तो चालणार नाही! उद्या सापडला तरी कुणी मानायचा नाही!"

नरामतुम पिठाच्या हातांनी दारात आली. "काय रे मेल्या? सापडला तरी मानायचा नाही? माझं लेकरू उद्या या गल्लीत आलं, तर काय सांगू त्याला?"

"वहिनी, दवंडीचे बोलच तसे असतात..." दवंडीवाल्याने शिंग खाली घेतलं. "एतेल्लुमदादा, माझ्याच्यानं नाही व्हायचं. मलाही लेकरं आहेत."

अर्ध्या गावात दिलेली दवंडी पंचांपुढे टिकत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. एतेल्लुमने त्याच्या हातातलं शिंग हिसकावलं. बायकोकडे बघायची छाती नव्हती, म्हणून बघितलंच नाही. पुढच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन त्याने फुंकलं, पोराचं नाव घेतलं आणि ओरडला, "उद्या सापडला तरी कुणी मानायचा नाही!"

आवाज फाटला, रडू फुटलं, तरी राहिलेल्या साऱ्या गल्ल्या त्याने पुऱ्या केल्या.

घर राहिलं. नरामतुम मात्र मरेपर्यंत त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही.