बापूंचं बाकडं

“सरका, सरका, बापूंना बसू द्या!” तेर गावच्या स्टँडवर एसटीत कुणीतरी म्हणालं आणि तिघांचं बाकडं क्षणात रिकामं झालं. बापू खिडकीशी बसले. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती, तरी उरलेल्या दोन जागांवर कुणी बसलं नाही. मीही धाराशिवपर्यंत उभीच राहिले.

बापू आमचे शेजारी, निवृत्त ग्रामसेवक. नऊ वर्षांपूर्वी मोटरसायकलवरून पडून त्यांची कवटी फुटली. ऑपरेशन झालं, पण डोक्यावरची जखम भरलीच नाही. टोपीखालून पू यायचा. ड्रेसिंगसाठी ते रोज धाराशिवला जायचे. वास गाडीभर पसरायचा आणि बापू मला सांगायचे, “बघ पोरी, खुर्ची गेली, पर मान ऱ्हायला. आमदाराला तरी अख्खं बाकडं मिळतं का?”

थोरल्या माणसाला असलं सांगणार कोण? घरीसुद्धा त्यांचं ताट वेगळं, ओसरीवर. मानाचं म्हणून.

शेवटी सर्जननी बजावलं, कवटीचं हाड सडतंय, जंतू मेंदूत उतरले तर जीव जाईल. सडकं हाड काढून त्यावर पाठीचा स्नायू बसवायचा, वर मांडीची कातडी. कागद इंग्रजीत असतील म्हणून बापूंनी मला सोबत नेलं होतं. सर्जन अस्सल मराठीत बोलत होते, त्यामुळे मला काहीच काम नव्हतं.

“पाठ डोक्यावर, मांडी पाठीवर,” बापू म्हणाले. “मग म्या बसू कशावर? सही करणार न्हाय. माझ्या जखमेचा तरास कुणाला हाय?” मग माझ्याकडं वळले. “तू सांग पोरी. लोक बाकडं सोडत्यात ते मानानंच ना?”

इंग्रजी शाळेत मी एकच गोष्ट नीट शिकले, गप्प बसणं. मी फाइलकडं बघत राहिले.

बापूंनी टोपी काढली. नाकाशी नेली, दोनदा हुंगली. बहुतेक त्यांना वास कळलाच नाही. त्यांनी पुन्हा माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, “पेन द्या, डॉक्टर.”

जखम भरली. आता टोपीखाली गुबगुबीत उंचवटा आहे. कुणी कौतुक केलं की बापू डोकं पुढं करतात, “थाप हितं मारा. पाठ वर गेलीय.”

परवा ते एसटीत चढले. कुणी सरकलं नाही, वळूनही बघितलं नाही. दोघांच्या कोपरांत चेंगरून, दांडा धरून ते उभे राहिले. नजर एकेका बाकड्यावरून फिरत होती. मी त्यांच्यासाठी शेजारच्या जागेवर ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशी ओरडले, “बापू, इकडं या. माझ्याजवळ बसा.”