शपथ न घेणारी शपथवाली

आमच्या वर्गात एकच मुलगी कधी शपथ घेत नसे, म्हणून तिचं नाव शपथवाली पडलं. नाशिक रोडच्या आमच्या शाळेत तेव्हा गळ्याची कातडी चिमटीत धरून 'देवाशप्पथ' म्हटलं की गोष्ट खरी ठरे. पेन्सिल कुणी घेतली, लंगडीत कोण बाद झालं, सगळं त्या चिमटीवर. "झालं ते सांगितलं ना? मग?" एवढंच ती म्हणायची. मुली चिडवायच्या, "ए शपथवाली, घे की! जीभ झडते का?"

तिचं घर बौद्ध, वडील प्रेसमध्ये कामगार. "आम्ही देव मानत नाही. मग त्याची शपथ घेतली तर ती शपथच खोटी," हे तिने मला मधल्या सुट्टीत समजावलं होतं. माझ्या डब्यातला ठेचा खाताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं. इतर मुली अशा वेळी 'छे, काही तिखट नाही' म्हणतात. ती म्हणायची, "लय तिखट हे. अजून दे."

माझे वडील त्याच शाळेत हंगामी शिपाई होते. मुली त्यांना मामा म्हणत. ते कायम झाले असते तर शाळेमागची खोली आम्हाला मिळाली असती. आई त्या खोलीत चूल कुठे मांडायची तेसुद्धा ठरवून बसली होती.

सहावीत गॅदरिंगसाठी संस्थापकांची तसबीर उतरवून आमच्या वर्गात टेबलावर ठेवली होती. त्या दिवशी मी तापाने घरी होते. मुलींची डस्टर फेकाफेकी चालली होती, त्यात तसबिरीची काच फुटली. मॉनिटरने सगळ्यांना बजावलं, "मामांच्या हातून पडली म्हणायचं. जी फुटेल तिच्याशी अख्ख्या वर्गाची कट्टी."

दुसऱ्या दिवशी हेडमास्तर वर्गात आले. वडील दारात उभे होते. "माझ्या हातून नाय पडली, सर," एवढंच ते पुनःपुन्हा म्हणत होते. एकेक मुलगी उठली, गळा चिमटीत धरून म्हणाली, "देवाशप्पथ सर, मामांच्या हातून." माझ्याकडे कुणी बघितलं नाही.

शपथवाली उठली. "डस्टर लागला सर. मामा वर्गात नव्हतेच."

"घे शपथ."

"खरं सांगते सर. पण देवाची शपथ नाही घेता यायची. आम्ही देव मानत नाही."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. हेडमास्तरांनी विचारलं, "म्हणजे तू एकटी खरी, आणि अख्खा वर्ग खोटा?"

"हो सर."

हेडमास्तर वडिलांकडे वळले. "काच फुटली त्याचं काही नाही. पण खोटं बोलणारा माणूस मला शाळेत नको." हेच हेडमास्तर आम्हाला नागरिकशास्त्र शिकवत. कोर्टातसुद्धा देवाचं नाव न घेता, नुसत्या प्रतिज्ञेवर साक्ष देता येते, हे मला पुढे कॉलेजात कळलं. त्यांना ते माहीत नसेल?

वडील नाशिकच्या द्वारका चौकात ट्रकवर माल चढवू लागले. शाळेत वर्ष संपेपर्यंत तिच्याशी माझ्याशिवाय कुणी बोललं नाही. बाकावर खडूने 'खोटारडी' लिहिलेलं असे. मी पुसायला गेले की ती हात धरायची. "आपण लिहिलंय का? मग आपण का पुसायचं?"

परीक्षेनंतर तिच्या वडिलांनी तिचं नाव काढून तिला आजोळच्या शाळेत घातलं. निघताना माझ्या तोंडून सवयीने गेलं, "पत्र लिहिशील ना? शप्पथ?" ती म्हणाली, "जमलं तर लिहीन." पत्र आलं नाही.

तेव्हापासून मीही शपथ घेतलेली नाही. वडिलांनी हमाली करून मला पदवीधर केलं, आमच्या घरात पहिली. निकालाच्या दिवशी पेढा हातात घेऊन त्यांनी विचारलं, "ती पोरगी भेटली का गं कुठं?"

ती नाही, पण त्याच महिन्यात द्वारकेच्या थांब्यावर मॉनिटर भेटली. कडेवर मूल होतं. तिने मला मिठीच मारली. मी म्हटलं, "घर इथंच मागे आहे. चल, वडिलांसमोर एकदा खरं काय ते सांग. दोनच मिनिटं."

तिचा चेहरा पडला. "अगं, आता कशाला उकरतेस? लहान होतो आपण."

"लहान तर तीही होती," मी म्हटलं.

तिची बस आली. ती चढली, आणि खिडकीतून मुलाचा हात धरून मला टाटा करायला लावू लागली.