ज्याचं राहिलं, त्यानं चहा करायचा

बोईसरला निघाले, तेव्हा आमच्या संगमनेरात ज्यानं त्यानं विचारलं, "तिथे बघण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं, "वर्ग." आणि पिशवी उचलली.

मी निवृत्त मुख्याध्यापिका. एकोणीस वर्षं आमच्या चर्चमध्ये रविवारी प्रौढांचा बायबलचा शास्त्रवर्ग घेते. एके काळी पंचवीस माणसं बसायची. आता तीन उरली आहेत, आणि त्यातल्या एका आजोबांना ऐकूच येत नाही, म्हणून ते टिकून आहेत. वर्ग आता बंद करावा, असं पाळकसाहेबांनी हळूच सुचवलं होतं. माझी भाची एस्तेर बोईसरला राहते. तिच्याकडे आठवड्याला घरोघरी छोटे गट भरतात आणि लोक आपण होऊन येतात, असं ती फोनवर सांगायची. म्हटलं, त्यांचं गुपित तरी पाहून येऊ.

वर्ग का मोडला, ते खरं तर मला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी माझी जुनी मैत्रीण रूथ वर्गाच्या सुरुवातीला प्रार्थना करत होती. ती लांबत चालली. मी घड्याळ पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाले, "रूथ, आवर आता, देवालाही दुसरी कामं आहेत." सगळे हसले. रूथनं "आमेन" म्हटलं, पर्स उचलली आणि गेली. पुन्हा आली नाही, आणि तिच्यामागून एकेक करून बाकीचेही गेले. माझ्या जिभेला हाड नाही, हे मला शाळेतही लोक सांगायचे.

नाशिकहून जव्हारमार्गे जाणारी एसटी मिळाली. घाटात मला गाडी लागली. शेजारच्या बाईनं न विचारता लिंबू हातात ठेवलं. "वास घ्या. बोलू नका," एवढंच म्हणाली. मी मुकाट्यानं ऐकलं, हीच त्या प्रवासातली मोठी घटना. उतारावर नाचणीची छोटी छोटी वावरं दिसली, मग भातखाचरं, मग एकदम कारखान्यांची धुराडी आणि नाकात शिरणारा रसायनांचा वास. बोईसर आलं.

एस्तेरची भाड्याची खोली स्टेशनपासून रिक्षानं दहा मिनिटांवर. रिक्षात आम्ही पाच जण आणि एक पाण्याची टाकी. रस्त्यानं कामगारांच्या बसगाड्या धावत होत्या. तिच्या घरी पोचले तर पुढ्यात तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. चटणीनं डोळ्यांतून पाणी आलं, तरी मी दोनदा मागून घेतली.

मंगळवारी दुपारी चारला गट भरला, कारण त्या आठवड्यात बहुतेकांची पहिली पाळी (सकाळची शिफ्ट) होती. पाळी बदलली की गटाची वेळही बदलते. चाळीतली एक खोली, चटईवर आठ माणसं. एस्तेरची शेजारीण नर्स होती, तिचं ते घर. कोपऱ्यात मनोज नावाचा कारखान्यातला कामगार, उत्तर प्रदेशचा. बेटेगावहून आलेली सुकरीबाई, वारली शेतकरीण, माझ्याच वयाची.

वाचनाआधी नर्सबाईंनी प्रत्येकाला विचारलं, "मागच्या मंगळवारी जे करीन म्हणालात, ते झालं का?" बस्स, एवढंच. मनोज म्हणाला, "भैया को फोन करना था, नहीं हुआ." तो उठला आणि गॅसवर चहाचं आधण ठेवलं. एस्तेर कानात म्हणाली, "ज्याचं राहिलं, त्यानं चहा करायचा. इथला नियमच आहे, आत्या." मला हसू आलं. एवढी सौम्य शिक्षा माझ्या शाळेत कधी नव्हती.

मग वाचन झालं. देवाला अर्पण वाहण्याआधी, जो आपल्यावर रागावला आहे त्याच्याशी जाऊन समेट कर, असा तो भाग. पाहुणी म्हणून मला बोलायला सांगितलं. मी वीस मिनिटं बोलले. वेदी म्हणजे काय, अर्पणांचे प्रकार किती, सगळं. लोकांनी मन लावून ऐकलं. शेवटी सुकरीबाईनं विचारलं, "लय बेस सांगितलं. मंग आता तुमी काय करणार, बाय?"

एकोणीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. ओघात म्हणून गेले, "माझी एक मैत्रीण दुखावली आहे. तिच्याशी बोलेन." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, विषय संपला.

गुरुवारी एस्तेरनं चिंचणीच्या समुद्रावर नेलं. बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत होते. खाली एक कोळीण पाटीत सुकट निवडत बसली होती. "किती दिवस लागतात वाळायला?" मी विचारलं. "ऊन हाय तर तीन दीस," ती म्हणाली, "आभाल आलं तर सगला वास." मी पाण्याच्या कडेला उभी राहिले आणि रूथचा नंबर लावला. पहिली घंटी वाजायच्या आत फोन बंद केला. तेवढ्यात लाट आली आणि साडी गुडघ्यापर्यंत भिजली. एस्तेरला सांगायला कारण मिळालं, की फोन भिजू नये म्हणून पर्समध्ये ठेवला.

पुढच्या मंगळवारी पाळी बदललेली, म्हणून गट सकाळी साडेनऊला, बेटेगावात सुकरीबाईच्या घरी. सारवलेली जमीन, कुडाच्या भिंती, बाहेर कोंबड्या. मनोज आत शिरला तोच हसत. "भैया ने उठाया! आधा घंटा रोये दोनों." सुकरीबाई म्हणाली, "मी जावेकडं गेली. तिनं दारच नाय उघाडलं. मी भायेरूनच बोलली, उद्या येतंय परत. उद्या पन नाय उघाडलं तर परवा." असं म्हणून ती माझ्याकडे वळली. "तुमची मैत्रीण काय बोलली, बाय?"

सगळ्यांसमोर थाप मारायची माझी तयारी होती. जमलं नाही. "मी फोन केलाच नाही," म्हटलं.

कुणीही उपदेश केला नाही. सुकरीबाईनं चुलीकडे बोट दाखवलं. "गवती चहा भायेर हाय. तोडून आना."

मुख्याध्यापिकाबाई चुलीपुढे फुंकणी घेऊन बसल्या. धुरानं मी खोकत होते. सुकरीबाई शेजारी येऊन लाकडं सारखी करू लागली. "भ्या वाटतं काय?" तिनं हळूच विचारलं. मी "हो" म्हणाले. मला खरंच भीती वाटत होती, आणि ते बोलून दाखवल्यावर बरंही वाटलं. मग तिला सगळं सांगितलं, माझा विनोद, सगळ्यांचं हसणं, रूथचं उठून जाणं.

"ती देवाकडं काय मागत होती?" सुकरीबाईनं विचारलं.

मला माहीत नव्हतं. शेजारी बसून मी तिची प्रार्थना ऐकलीच नव्हती. मी घड्याळ बघत होते आणि मनात धड्याचे मुद्दे जुळवत होते.

"मंग फोन नका करू," ती म्हणाली. "जावा नि इचारा." चहा फार गोड झाला होता. सगळ्यांनी तो प्यायला.

परतीच्या बसमध्ये मी गटाच्या पद्धती वहीत टिपायला घेतल्या, पाळीप्रमाणे वेळ, आठच माणसं, घर बदलतं. अर्ध्या पानावर थांबले. हे सगळं संगमनेरात करता येईल, पण मी शिकवत आले आणि ऐकायला स्वतः शिकले नाही, हे वहीनं सुटणारं नव्हतं. संगमनेरच्या स्थानकावर उतरले, ती पिशवीसकट थेट रूथच्या घरी गेले.

ती अंगणात तांदूळ निवडत होती. मला पाहून उठली नाही. "वर्गाला येणार नाही मी," म्हणाली.

"वर्गासाठी नाही आले. माझं चुकलं, रूथ. चारचौघांत तुझं हसं केलं. आणि मी ऐकलंही नव्हतं. त्या दिवशी तू काय मागत होतीस?"

तिचे हात सुपात थांबले.

"वर्गातल्या एकेकाचं नाव घेत होते," ती म्हणाली. "बाकी सगळ्यांची नावं घेऊन झाली होती. तुझं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, सावकाश घ्यायचं म्हणून. तेच राहिलं."

मी तिच्यासमोर खाली जमिनीवर बसले आणि म्हटलं, "आता घे. मी ऐकते."